अनंताची पोटदुखी

अनंता मेस्त्रीचं पोट श्रावणापासून दुखतंय, आणि दुखण्याचं मूळ तिसऱ्या मजल्यावर राहतं. नाव चंद्रप्रकाश.

चारकोपच्या या सोसायटीत वीस वर्षं भजनाचा बुवा अनंताच. गणपती आणताना गजरही त्याचाच. यंदा चंद्रप्रकाशने घरी रेकॉर्ड केलेलं गाणं ग्रुपवर टाकलं आणि कमिटी विरघळली. "काय भरीव आवाज हो! आगमनाला हेच लावू," सेक्रेटरी म्हणाले. मग अनंताचा चेहरा बघून पुढे जोडलं, "तुमचंही रेकॉर्डिंग असेल तर रविवारपर्यंत द्या."

भरीव? समोरासमोर चंद्रप्रकाशचा आवाज म्हणजे सुतळी. अनंताने त्याला जिन्यात गाठून गोड बोलून विचारलं. तो बिचारा लगेच सांगून मोकळा झाला, "काका, एकच ओळ दोनदा गायची आणि एकावर एक ठेवायची. डबलिंग."

"एवढंच होय," अनंता म्हणाला.

आवाज घुमू नये म्हणून त्याने साड्यांच्या कपाटात फोन ठेवला, डोकंही आत घातलं आणि गजर गायला. झकास. दुसऱ्यांदा गायला. दोन्ही एकत्र लावले, तर दोन बुवा भांडत होते. प्रत्येक वेळी नवी हरकत घ्यायची खोड. चौदा वेळा गायला, चौदा गजर झाले. चंद्रप्रकाशला एकाच पद्धतीने गाता येतं म्हणून त्याचं जमतं, हे कळल्यावर तर पोट आणखीच दुखलं.

"गजर एकच, पन तुमी पयल्यांदा कांदिवलीत नि दुसऱ्यांदा मालवणात," ओट्याजवळून बायको सुगंधा म्हणाली.

"मग तूच गा गो."

तिने हात पुसले, इयरफोन लावले, कपाटात डोकं घातलं. वीस वर्षं भाकऱ्या थापताना ऐकलेला गजर. तो कुठे श्वास घेतो, कुठे आवाज वळवतो, सगळं पाठ. एकदाच गायली. दोन्ही आवाज नेमके एकावर एक बसले.

रविवारी अनंताचा गजर ठरला. चंद्रप्रकाशने टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी विचारलं, "मागचा तो बाईंचा आवाज कोणाचा? यंदा मिरवणुकीत त्यांनाही माईक देऊ."

घरी येऊन अनंताने फोनवर तिचा आवाज हळूच खाली ओढला. गजराची सुतळी झाली. गुपचूप पुन्हा वर केला.

"काय करतास?" सुगंधाने विचारलं.

"काय नाय. चाय टाक."

"तुमीच टाका. माईकचा कळला माका, प्रॅक्टिस करूची आसा."

त्याने चहा टाकला. साखर मात्र तिच्या कपात कमी घातली.