ओवाळणीची गाडी

गाडी चालवायला मी शिकले तेव्हा मला साठावं लागलं होतं. शिकवणारा म्हणाला, "मावशी, या वयात?" मी म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय. पायाने वेग कमीजास्त करायचा आणि डोळा समोर ठेवायचा, हेच ना?" पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळालं. माझा नवरा आजही सांगतो की परीक्षा घेणाऱ्याने घाबरून सही केली. सांगू दे.

आमचं घर चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरांत. नवऱ्याचे वडील गिरणीत होते, नवरा छापखान्यात, आणि मी घरी बसून शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. जूनच्या आधीचे दोन महिने आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे निळ्या चड्ड्या आणि पांढरे शर्ट. त्या शिलाईतून मी थोडं थोडं बाजूला टाकत गेले. घर नवऱ्याच्या नावावर, लाइटचं बिल नवऱ्याच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी. माझ्या नावावर म्हणाल तर एक बँकेचं पुस्तक. त्यात गाडीपुरते जमले तेव्हा मी जाहीर केलं, छोटी का होईना, नवीन गाडी घेणार, आणि ती माझी असणार.

आता इथे माझ्या माहेरचा भाग येतो. माझं सासर सावंतवाडीकडचं आणि माहेर पेडण्याचं. मध्ये एक नदी. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. आमच्यात ही नदी कोणी मोजत नाही. मुली इकडून तिकडे देतात, तिकडून इकडे आणतात, मासे तेच, देव तेच. लग्न होऊन आले तेव्हा मी दुसऱ्या राज्यात आले हे मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

माझा थोरला भाऊ पेडण्याला असतो. मी त्याला दादा म्हणते. गाडीचं ऐकल्यावर त्याचा लगेच फोन. "गो बाय, मुंबयेक कित्याक घेतंस? हंय घे. हंय टॅक्स कमी."

आणि ते खरं होतं. नवीन गाडी घेतली की तिच्या किमतीवर एकदाच टॅक्स भरायचा असतो, तो प्रत्येक राज्याचा वेगळा. पेट्रोलला एक, डिझेलला दुसरा, महाग गाडीला आणखी चढा. तेव्हा आमच्या गाडीला महाराष्ट्रात जेवढा बसत होता त्यापेक्षा गोव्यात कमी बसत होता. फार नाही, एक बरी पैठणी आली असती एवढाच फरक. पण ज्या बाईने आयुष्यभर कापडाचे तुकडे वाचवून खिसे शिवलेत, तिला एवढा फरक दिसल्यावर राहवतं का?

अडचण एकच. गोव्यात गाडी नोंदवायची तर गोव्याचा पत्ता हवा. दादा म्हणाला, "माझ्या नावार घेवया. तुझो भाव काय परको आसा?"

परका कसला. दिवाळीच्या दिवसांत आम्ही गेलो. माझ्या पैशांनी गाडी आली, पहिल्या वर्षाचा विमा दादाने भरला, मी नको म्हटलं तर म्हणाला, "एवढां तरी माका करूंक दी." भाऊबीजेला तुळशीसमोर पाट मांडला, मी दादाला ओवाळलं, आणि दादाने तबकात गाडीची चावी ठेवली. वहिनीने डोळे पुसले. मी पण पुसले. त्या क्षणी माझ्या मनात गाडी माझी झाली, पक्की झाली. ओवाळणीत आलेली वस्तू बहिणीची, यापुढे आणखी कसला कागद लागतो, असं आम्हां दोघांनाही वाटलं. आमच्याकडच्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

चार वर्षं झकास गेली. शनिवारी पहाटे शेजारणींना घेऊन मढला मासळी आणायला जायचं. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायामाला बोरिवलीला ने-आण मीच केली. गोव्याची नंबर प्लेट बघून सिग्नलला लोक विचारायचे, "आंटी, काजू आणलेत का?" आमचा वॉचमन मी दिसले की म्हणायचा, "आल्या गोव्याच्या पाहुण्या!"

एक गंमत मात्र होती. कॅमेऱ्याने कुठे पकडलं की दंडाचा मेसेज माझ्या फोनवर यायचा नाही. गाडी ज्याच्या नावावर त्याच्या फोनवर जायचा. म्हणजे मी कांदिवलीला सिग्नलची पांढरी रेघ ओलांडली की पेडण्यात दादाच्या खिशात फोन वाजायचा. तो दंड भरायचा आणि मग मला फोन करायचा.

"माका मेसेज इलो. तू काल अंधेरीक कित्याक गेलेलंस?"

"लग्न होतं रे."

"फोटोत तुझो हात दिसता खिडकेभायर. हात भितर घी, बाय."

नवरा म्हणायचा, "तुझ्या भावाला तुझा पत्ता माझ्याआधी कळतो."

मग एक दिवस दहिसर चेकनाक्यावर मला थांबवलं. मीरा रोडला मुलीकडे जाऊन परत येत होते, नवरा बाजूला, मागे भोपळा. ट्रॅफिकची एक तरुण पोलीस होती, माझ्या मुलीच्या वयाची. बोलायला गोड.

"मावशी, गोव्याहून आलात?"

"नाही गं, मीरा रोडहून."

"राहता कुठे?"

"चारकोपला."

"आणि गाडी कधीपासून आहे इथे?"

"झाली की चार वर्षं." मला वाटलं, ती गाडीचं कौतुक करतेय. नवऱ्याने माझ्या मांडीला चिमटा काढला, पण सांगून झालं होतं.

तिने कागद मागितले. वाचले. "गाडी कोणाची?"

"माझी."

"यावर तर दुसऱ्याचं नाव आहे."

"भावाचं. त्याने ओवाळणीत दिलीय."

ती हसली नाही, हे मी तिचं मोठेपण समजते. एवढंच म्हणाली, "मावशी, ओवाळणीचा आरटीओला काय उपयोग? कागदावर ही गाडी त्यांची आहे. आणि दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर इथला टॅक्स भरून इथला नंबर घ्यावा लागतो. आज दंड घेते. पुढच्या वेळी हीच गाडी दिसली तर उचलायला लावीन. आणि उचललेली गाडी सोडवायलाही मालकच यावा लागेल. तुम्ही नाही चालणार."

तुम्ही नाही चालणार! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. आयुष्यात एकच वस्तू मी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हौसेने घेतली, आणि ती माझी नाही. ती उचलून नेली तर मी नुसती बघत उभी राहणार. मी नवऱ्याला म्हटलं, "ही गाडी माझ्या नावावर होईपर्यंत हिच्यात मासळी ठेवणार नाही." तो म्हणाला, "वाट लागली. म्हणजे मी आता भाजीच खायची?"

आरटीओबाहेर एक एजंट बसतो, छत्रीखाली. त्याने सगळं समजावलं. आधी गोव्याच्या आरटीओचा ना हरकत दाखला आणायचा. मग गाडी माझ्या नावावर करायची, आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, नवीन गाडीएवढा नाही, गाडीचं वय बघून कमी करतात. गोव्यात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो का, ते तिथे विचारायचं. त्याने आकडा सांगितला. एक पैठणी वाचवायला गेले होते, चार पैठण्यांचे पैसे भरायची वेळ आली.

पण एक सांगते, मला त्याचा राग नाही आला. रस्ता झिजवायचा चारकोपचा आणि टॅक्स भरायचा पेडण्याला, हे कुठलं? खड्डे इथले, तर पैसेही इथेच द्यायला हवेत. भरले म्हणून तर आता वॉर्ड ऑफिसात जाऊन खड्ड्यांसाठी भांडताना माझा आवाज चढतो. चूक माझी होती आणि ती मी करून बसले होते.

एजंटने शेवटी फॉर्म पुढे केले. "इथे तुमच्या भावाच्या सह्या लागतील. पोस्टाने पाठवा हवं तर."

दादाला फोन केला, तर तो आधी मजेत होता. मग मी सांगितलं की फॉर्मवर छापील लिहिलंय, ही गाडी मी विकून ताब्यात दिली.

"विकली?"

"तसंच छापलेलं असतं रे दादा, सगळ्यांचं तेच."

"सगळ्यांचा आसात. मी भयणीक ओवाळणी घातलंय. ती मी विकली म्हणान सय करू? लोक काय म्हणतले? मी सय करूचंय नाय." आणि फोन ठेवला. पुढचे आठ दिवस उचलला नाही. दंडाचा मेसेज आला असता तर त्याला फोन करावाच लागला असता, पण गाडी दाराशी उभी. मेसेज येणार कुठून?

शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, चल. जोखीम होती, वाटेत कोणी अडवलं असतं तर गाडी तिथेच गेली असती. पण गाडीचं भांडण गाडीशिवाय कसं करायचं? उजाडता उजाडता निघालो. कोकणातला रस्ता मला पाठ आहे, कुठे खड्डा, कुठे चांगली भजी. नवऱ्याला एकदाही स्टिअरिंग दिलं नाही. दिवे लागायच्या सुमारास पेडण्याला पोचलो.

दादा अंगणात उभा होता. मला बघून खूश झाला आणि लगेच तोंड पाडलं, कारण भांडण आठवलं. वहिनीने जेवायला वाढलं. मी पाटावर बसले नाही. चावी काढून दादाच्या पुढ्यात ठेवली. चाळीस वर्षांत माझी बोली अर्धी इकडची, अर्धी तिकडची झालीय, तशीच बोलले.

"दादा, ही घे तुझी गाडी. आम्ही एसटीने जाऊ."

"माझी? ती तुझी. तबकात घातलंय मी."

"चावी घातलीस. गाडी नाय. गाडी अजून तुझ्या नावाची आसा. पोलिसांनी उचलली तर माका कोण देणार नाय. चार वर्सां झाली, तू ती माका अजून दिलीसच नाय."

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं भांडा, मी सोलकढी घेतो," आणि त्याने खरंच घेतली.

दादाने चष्मा लावला, फॉर्म हातात घेतला, बराच वेळ वाचत बसला. मग वहिनीला म्हणाला, "निरांजन लाव."

"आता? भाऊबीज खंय आसा?" वहिनी म्हणाली.

"बायक ओवाळणी दिवची रवलीहा, ती दितंय."

पुन्हा पाट मांडला. माघातली भाऊबीज आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झाली. मी दादाला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने मांडीवर पाटी घेऊन एकेक फॉर्मवर सह्या केल्या, शाळेत करतात तशा हळू, पूर्ण नाव. सगळे कागद नीट घडी करून तबकात ठेवले. "आता घी," म्हणाला. "आता दिलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथल्या आरटीओत गेलो. गाडीच्या पोटात चेसिसचा नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून तो उतरवून द्यायचा असतो. दादा वाकला, मी कागद धरला. लहानपणी आम्ही पोर्तुगीज नाण्यांवर असाच कागद धरून घासायचो. "हलव नको," म्हणून तेव्हाही ओरडायचा, आताही ओरडला.

ना हरकत दाखला यायला वेळ लागला, पण आला. मी कागद घेऊन छत्रीखालच्या एजंटकडे गेले. त्याने फॉर्म उलटून बघितला.

"मावशी, हे लाल काय लागलंय?"

"कुंकू."

"आरटीओच्या फॉर्मला?"

"सही दिसतेय ना? मग पुढे चल."

खिडकीतल्या माणसानेही विचारलं. त्यालाही तेच सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. टॅक्स भरला, पावती घेतली, गाडी दाखवली, आणि काही दिवसांनी पोस्टमन दारात कार्ड घेऊन उभा. त्यावर माझं नाव, चारकोपचा पत्ता, आणि पुढे आमच्या भागाचा नंबर. ते मी देवापुढे ठेवलं, मग पर्समध्ये. शनिवारी मढहून इतके बांगडे आणले की वॉचमनलाही दिले. तो म्हणाला, "आता पाहुण्या नाही राहिलात."

दोन महिन्यांनी माझा फोन वाजला. बोरिवलीच्या पुलाखाली पांढरी रेघ ओलांडली होती, दंड. आयुष्यातला माझ्या नावाचा पहिला. दंड भरला आणि लगेच दादाला फोन लावला. एवढ्यात त्याचा फोन आला नव्हता, येणार तरी कसा.

"दादा, काल मी बोरिवलीला गेले होते."

"खंय? कितक्या वाजता?" आवाज एकदम हुशार झाला.

"सकाळी अकरा. दंड बसला."

"आणि हात? हात भितर होतो मा?"

"आत होता."

"बरां," दादा म्हणाला. "दर खेपेक सांगत जा."