नाना कुणाकडे पाहत होते

समोरच्याची हनुवटी तो अंगठ्याने वर करायचा, विचारायचा नाही. मग कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "चेहरा तुमना, मतलब मी टाकसु." लग्नाचे व्हिडिओ काढणारा हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तोंडात बडीशेप, आणि नवरदेवालाही हुकूम सोडणार. मला तो कधीच आवडला नाही.

पैसेवाला पाहुणा आला की हा गुडघ्यावर बसून खालून शूटिंग करायचा. पाहुणा मांडवाएवढा दिसायचा. गरीब मामा असला की खुर्चीवर चढून वरून. मामाची नुसती टोपी आणि आहेराची पिशवी उरायची. तरी लोक त्यालाच बोलवायचे. आम्हीही बोलावलं, दुसरं काय.

अमळनेरला ताईचं लग्न होतं. आमच्यात मुलीचा बाप शेवटच्या पंगतीला जेवतो, म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, उपाशीच पंगतीपाशी उभे होते. समोर स्टेजवर ताईचे फोटो चालले होते. नाना तिच्याकडे एकटक पाहत होते. मी शेजारीच होतो.

व्हिडिओ आला तेव्हा एरंडोलला ताईच्या सासरी सगळे टीव्हीपुढे जमले. पडद्यावर नानांचा चेहरा मोठा होत गेला आणि लगेच ताईच्या सासऱ्यांच्या ताटात वरणाबरोबर पडणारी बट्टी. पुन्हा नाना. पुन्हा बट्टी, वर तुपाची धार. मागे टणटण वाजणारं संगीत. घरभर हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "व्याहीसना जीव बट्टीमा अडकेल शे." त्यानंतर ताईने माहेरचं नाव काढलं की कुणीतरी बट्टी काढायचंच.

मी धुळ्याला, देवपुरातल्या त्याच्या स्टुडिओत गेलो. म्हणालो, "भाऊ, ते ताईकडे पाहत होते. तिचा शॉट लावा."

"त्या टाइमले तिना शॉट लिधाच नही. लोकेसले हासाले काहीतरी पाहिजे ना." मग पडद्यावर नानांना थांबवून तो स्वतःच बघत बसला. "पण देख, काय चेहरा शे." चेहरा खरंच सुंदर टिपला होता, मेल्याने.

तो वारला तेव्हा मी गेलो नाही. पुढे नानाही गेले. त्यांचं हलतं चित्र घरात एवढंच आहे. परवा मी मोबाइलवर त्यातल्या सगळ्या बट्ट्या कापल्या आणि ताईला पाठवलं. तिचा फोन आला.

"नाना कुणाकडे पाहतायत रे?"

"तुझ्याकडे."

ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

तो आज जिवंत असता तर त्याची गचांडी धरून मी त्याला ताईपुढे साक्षीला उभा केला असता.