नजरेचा लाल डाग

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर वेडंवाकडं आलं, शब्द चुकले, तर या वहीनं सांभाळून घ्यावं.

मी मोबाईलचे गेम बनवणाऱ्या ऑफिसात झाडलोट करते. तिथे एक यंत्र आहे. शेजारच्या पडद्यावर तोच खेळ दिसतो, आणि खेळणाऱ्याची नजर जिथे रेंगाळते, तिथे त्यावर लाल डाग उमटतो. काल आमचे हे मला न्यायला आले, तर तिथल्या मॅडमनी ह्यांनाच खेळायला बसवलं. कधी गेम न खेळलेलं माणूस त्यांना हवंच होतं.

खेळात टोपली घेतलेली एक मुलगी पळत होती. ह्यांनी वाटेतली नाणी गोळा करायची होती. पण लाल डाग पडला तो तिच्या चेहऱ्यावर.

"काका, नाणी राहिली की सगळी!" मॅडम हसल्या.

"पोरगी पडेल म्हणून बघत होतो," हे म्हणाले.

मी ओलं फडकं हातात धरून उभी होते. चित्रातल्या पोरीचा इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या घरात हे यंत्र लावलं तर लाल कुठे दिसेल? ताटावर, टीव्हीवर, दाराजवळच्या चपलांवर. माझ्यावर एखादा ठिपका तरी पडेल का? नजर मोजता येते हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं.

"मावशी, आता तुम्ही," म्हणत मॅडमनी मला बसवलं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तुमचा डाग कुठेच उमटत नाहीये. पडद्याकडे बघा ना!"

मी पडद्यापलीकडे, ह्यांच्याकडे बघत होते. हे शेजारच्या पडद्यावर वाकून ओरडले, "अगं, लक्ष कुठंय तुझं? पडली ना ती!"