वळिवड्याची आजी

मंदीच्या त्या वर्षी आखातातल्या अल ऐनमधलं ह्यांच्या कंपनीचं काम थांबलं आणि एका सकाळी ह्यांना "खलास" असं सांगून घरी पाठवलं. व्हिसा संपवून भारतात परत जायला तीस दिवस होते. नोकरी गेल्याचं दुःख मी समजू शकत होते, पण ह्यांनी अन्नच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाचव्या दिवशी उभं राहताना तोल गेला, तरी डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. मुलगी भरलेलं ताट परत आणून म्हणायची, "ही इज नॉट ईटिंग, आई." मी अंबाबाईपुढे बसून अक्षरशः भांडायचे. नोकरी दे, एवढं एकच माझं मागणं. शेवटी रागाच्या भरात देव कापडात गुंडाळून सामानाच्या खोक्यात भरले.

तुळस मात्र खोक्यात घालता येईना आणि टाकवेनाही. तुळस कुणाच्या तरी हाती सोपवून घर सोडायचं, अशी आमच्याकडची रीत. म्हणून खालच्या मजल्यावरच्या पोलिश डॉक्टरांकडे गेले. दार त्यांच्या म्हाताऱ्या आईनं उघडलं. ती लेकाकडे राहायला आली होती. कुंडीकडे पाहून तिनं हात जोडले. म्हणाली, "तुळस. ये बाई, बस." गोऱ्या बाईच्या तोंडून मराठी ऐकून मी दारातच थिजले.

अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत तिनं सांगितलं. जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेसाठी नवा फ्रॉक शिवून तयार होता, आणि विमानं आली. "आठवड्यात येतो," म्हणून वडील लढायला गेले. मग पूर्वेकडून रशियन फौज आली आणि मायलेकींना सैबेरियाला घेऊन गेली. फार हाल सोसून त्या इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासित छावणीत पोचल्या. वडील पहिल्याच आठवड्यात मारले गेले होते, ते तिथे कळलं. आईनं अन्न सोडलं. छावणीत भाजी विकणारी एक बाई भाकरी घेऊन आईसमोर बसली. "तू जेव, मंग मी," म्हणाली आणि दुपार टळली तरी उठली नाही. शेवटी आई जेवली.

मला रडू आवरेना. वर काय चाललंय ते सगळं सांगून टाकलं. आजीनं काठी उचलली, जिना चढली आणि मला आमटीभाताची दोन ताटं वाढायला लावून ह्यांच्यासमोर बसली.

"तू जेव, मंग मी."

हे गडबडून उठून बसले. "आजी, प्लीज, तुम्ही सुरू करा." तिनं मान हलवली. तिचा लेक शोधत वर आला. मधुमेहाची गोळी घेतलीय, आता जेवायलाच हवं, म्हणून विनवू लागला. ती ढिम्म. भात गार झाला. तिचा हात थरथरू लागलेला ह्यांनी पाहिला, आणि लहान मुलासारखे रडत पहिला घास तोंडात घातला. मग आजी जेवली. ताट पुसून जेवली.

संध्याकाळी मी देव बाहेर काढले आणि गुमान माफी मागितली.

नोकरी मिळाली नाही. ठरल्या दिवशी आम्ही परतलो, पण हे माझ्या शेजारच्या सीटवर होते, हसत नसले तरी जेवत होते. युद्धानं बेघर केलेलं एक लेकरू इतक्या वर्षांनी माझ्याच घरी जेवायला कसं बसलं, याचा उलगडा करत बसायची माझी ऐपत नाही. त्या दिवसापासून देवीला मी काय हवं ते सांगत नाही. ती वाढेल ते घेते.