रोडग्याची पंगत आणि माझी अन्ननलिका

माझ्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी एक झडप आहे आणि ती काही वर्षं नीट उघडत नव्हती, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला वाटायचं, मी मनातून खोटा आहे म्हणून अन्न अडकतं. शिकलेल्या माणसानं इतका बावळटपणा कसा करावा, याचं उत्तर माझ्या कामात आहे.

मी दिग्रसच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा अभ्यास मध्ययुगाच्या उत्तरार्धातल्या न्यायनिवाड्यांचा. तंटा झाला की पंच कसे बसत, साक्षी कशा घेत, आणि साक्षीपुराव्यानं भागलं नाही की दिव्य कसं करायला लावत. दिव्य म्हणजे देवावर सोपवलेली परीक्षा. त्यात एक तांदळाचं होतं. संशयिताला मंतरलेले तांदूळ चावायला द्यायचे आणि पानावर थुंकायला लावायचं. रक्त दिसलं किंवा अंग थरथरलं, की तो दोषी. हे मी वर्गात रंगवून सांगतो. पोरं हसतात, मीही हसतो.

आमचं गाव आर्णीजवळ. बाबा गेल्यावर मोठा भाऊ आणि मी शेताची वाटणी केली. रस्त्याकडचा विहिरीचा तुकडा दादाला, नाल्याकाठचा मला. मी नोकरदार माणूस, मला विहीर कशाला, असं चारचौघांत मीच म्हणालो होतो. पण त्या विहिरीचं खोदकाम चालू असताना मी सातवीत होतो आणि उन्हाळाभर टोपल्यानं मुरूम वाहिला होता. ती हातची गेली हे मला लागलं होतं. मोठेपणा मिरवायचा तर तसं बोलता येत नाही.

आमच्याकडे वाटणी नुसत्या कागदावर संपत नाही. शेतातल्या मारोतीपुढे रोडगे करायचे, जाणत्या माणसांसमोर भावांनी मांडीला मांडी लावून जेवायचं आणि पत्रावळीवर काही टाकायचं नाही. जो टाकून उठला त्याला वाटणी मान्य नाही, असं धरतात. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा जाड गोळा. वांग्याच्या भाजीत कुस्करला की एरवी मी दोन खातो. त्या दिवशी तिसऱ्याच घासाला छातीच्या मधोमध काहीतरी बसलं. पाणी प्यायलो तर पाणीही त्याच्यावर थांबलं. मी उठलो, तुरीच्या आड गेलो आणि सगळं बाहेर आलं.

परतलो तेव्हा सगळे माझ्या पत्रावळीकडे बघत होते.

"काय झालं रे?" दादानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी हादरलो होतो. घास अडकला तेव्हा मी विहिरीकडेच पाहत होतो. चोरी पकडली जावी तसं मला झालं.

दादा भांडला नाही. फक्त त्याचा फोन येणं बंद झालं. एकदा वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मनात होतं तं तवाच बोलाचं होतं. असं पंगतीतून उठून जाचं नाई." आई-बाबांमागे मला तेवढं एक घर उरलं होतं, आणि तिथं जायला मी घाबरू लागलो.

त्यानंतर अडकणं रोजचं झालं. मी उभा राहून जेवू लागलो, प्रत्येक घासाला घोटभर पाणी, आणि घास खाली उतरावा म्हणून खांदे उडवायचे. कॉलेजातले म्हणाले, सर, बारीक झालात, काय खाता? मी म्हणायचो, योग. बायको डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली, तिला पित्त सांगितलं. एक भलता शब्द आम्हा दोघांच्याही मनात होता आणि आम्ही तो उच्चारत नव्हतो. दोन वर्षं मी अशी काढली. शेवटी एका सकाळी तिनं मला यवतमाळच्या बसमध्ये अक्षरशः ढकललं आणि मागोमाग स्वतःही चढली.

तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. अन्ननलिकेच्या आजारांवर तिचं संशोधन चालू होतं आणि माझी माहिती त्यात घ्यायला तिनं परवानगी मागितली. मग प्रश्न. पातळ अडकतं का? आडवं झाल्यावर खोकला येतो? वजन किती उतरलं? मी खूश झालो, कारण इतक्या काटेकोरपणे साक्ष घेणारं माणूस मी फक्त जुन्या कागदांतच पाहिलं होतं.

"पहिल्यांदा कधी झालं?"

"वाटणीच्या जेवणाला," मी ठामपणे सांगितलं.

"त्याच्या आधी कधीच नाही?"

"कधीच नाही."

"काहीतरीच काय," शेजारून बायको म्हणाली. "वाटणीच्या आदल्या वर्षी मावशीच्या घरी भात अडकला होता. त्याच्याही आधी दिवाळीत. तुम्ही अंगणात जाऊन उड्या मारत होते."

मला आठवलं. वाटणीचा विषयही निघाला नव्हता तेव्हाची गोष्ट. डॉक्टरनं लिहून घेतलं. मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या हलका झालो, तपासणी व्हायच्या आधीच.

मग खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पिऊन एक्स-रेचा फोटो काढला. वर फुगलेली नळी आणि खाली पोपटाच्या चोचीसारखं टोक. नागपूरला नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजला. भलतं काही नाही, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा बायकोचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथंच रडली. झडप सैल करणाऱ्या नसा झिजतात. का झिजतात, ते अजून पक्कं कळलेलं नाही, त्याचाच अभ्यास चालू आहे. मनात काय आहे त्याच्याशी संबंध आहे का, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती हसली आणि म्हणाली, "सर, झडपेला काही कळत नाही."

लाज वाटली ती परतीच्या वाटेवर. दम्याच्या माणसाला पाण्याचं दिव्य देऊ नये, पित्त असलेल्याला विषाचं देऊ नये, असं जुन्या धर्मशास्त्रकारांनी लिहून ठेवलंय. दिव्य देण्याआधी माणूस आजारी तर नाही ना, हे बघायची अक्कल त्यांना होती. मी हे दरवर्षी शिकवतो आणि स्वतःला मात्र तपासणीशिवाय दोषी ठरवून बसलो होतो.

पुढे नागपूरलाच घशातून फुगा घालून झडप रुंद केली. महिन्याभरानं मी दादाकडे गेलो. वहिनींनी भाकर आणि भाजी वाढली. मी अख्खी भाकर बसून खाल्ली. दादा घासागणिक बघत होता. मग मी फोटो दाखवला. त्यानं तो उलटा धरला, मी सरळ करून दिला आणि सगळं सांगितलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण थांबवेना.

"दादा, आजार खरा आहे," मी म्हणालो. "पण विहिरीचं माझ्या मनात होतं, तेही खरं आहे."

त्यानं फोटो खाली ठेवला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "अन् नाल्याकाठची काळी जमीन तुले गेली, ते मले लागलं होतं. त्या दिवशी मी तरी कुठं जेवलो? अर्धा रोडगा पत्रावळीखाली सरकवला. सारे तुह्याकडं पाहून राह्यले होते म्हून कोनाले दिसलं नाई."

वहिनी चुलीपासून त्याच्याकडे वळल्या. दोन वर्षांत त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"मंग फोन काहून नाई केला?" त्यांनी विचारलं.

"कसा करू?" दादा म्हणाला. "त्यानं इचारलं असतं, तू जेवला होता का, तं काय सांगतलं असतं?"