मैनेचा नवरा

प्रूफवाले अण्णा कधी शिवी देत नसत. चुकलेला शब्द तेवढा मोठ्यानं वाचून दाखवत आणि तो शिवीसारखा लागे. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शाळेची गाईडं छापणारा एक छापखाना होता. मी मजकूर टाइप करायचे, अण्णा तो तपासायचे. रोज लासूरहून रेल्वेनं येत आणि आल्या आल्या कुणावर तरी भडकत.

पाखरांच्या नावांवर त्यांचा विशेष जीव. 'लांडोर' आली की म्हणत, "लांडा मोर, म्हणून लांडोर. त्याला पिसारा, न् हिला शेपूट नसल्याचं नाव! कुणी ठेवलं असंल? मोरानंच." हॉटेलात वाढप्यानं 'मुर्ग' म्हटलं की त्याच्यावर डाफरत, "फारसीत मुर्ग म्हणजे कुठलंबी पाखरू. काय आणतो, चिमणी?"

एका वर्षी व्याकरणाच्या गाईडात लिंगबदलाच्या यादीत 'पोपट – मैना' आलं. अण्णांनी ते खोडलं.

"पोपटाची मादी पोपटच असती. मैनेची जात येगळी. तिच्या नवऱ्याला नाव द्यायला मराठीला सवड झाली नाय, म्हणून पोपटाला बाशिंग बांधता?"

छापखान्याचे शेठ म्हणाले, "शाळेत हेच शिकवतात. पोरांचे मार्क जातील. सही करा."

"चुकीवर सही नाय करणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

बावीस वर्षं राबलेल्या माणसाला एवढंच! मग शेठ माझ्याकडे वळले, "ताई, ते परत टाका." मी टाकलं. अण्णा पिशवीत डबा भरत होते. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि ते जिना उतरले.

पुस्तक छापून आलं, तर पहिल्या पानावर 'मुद्रितशोधन' म्हणून अण्णांचंच नाव! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेठ म्हणाले, "जुनंच पान वापरलं. काय बिघडलं?" ते पुस्तक उचलून मी तशीच बाहेर पडले, ती कायमची, आणि थेट लासूर गाठलं.

अण्णांनी आपलं नाव पाहिलं. यादीचं पान काढलं. पुस्तक मिटलं.

"चुकलं माझं, अण्णा."

"चूक नकळत घडती, पोरी. तुला ठाऊक होतं."

काकूंनी चहा आणला. अण्णांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी उठले.

गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं. तोवर त्यांनी माझा फोन एकदाही घेतला नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही घेतला नसता.