दुसऱ्या पायरीवरून

बाबा मुंबईला गोदीच्या कचेरीत पट्टेवाले होते आणि वर्षातून एकदाच, मे महिन्यात, मालवणला यायचे. त्यांच्या साहेबाच्या खोलीत भरती-ओहोटीचे आलेख टांगलेले असत. दर महिन्याचा वेगळा, पण कागद तोच, रेघा त्याच, माप तेच. माप बदललं तर पाणी बदललं की कागद, हे कळणार कसं, असं साहेब म्हणे. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी ते थेट माझ्या बोकांडी बसवलं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी सातवीत होते आणि माझा चित्रकलेत हात बरा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ओटीच्या दुसऱ्या पायरीवर बसायचं, समोर दिसेल ते पोस्टकार्डावर काढायचं आणि त्यांना पाठवायचं, अशी आज्ञा झाली.

समोर काय, तर खळं, म्हणजे आमचं अंगण. तुळस, विहीर, तीन माड. दोन महिन्यांत मला त्याचा वीट आला. तिसऱ्या महिन्यात मी किनाऱ्यावर जाऊन होड्या काढल्या, शाळेत शाबासकी मिळवली आणि ऐटीत कार्ड पाठवून दिलं. उत्तर आलं, चित्र झकास आहे, पण ह्यात आपलं घर कुठे? दोन दिवस मी घरभर धुसफुसत फिरले. मग मुकाट्याने पायरीवर जाऊन बसले.

आई मात्र एका जागी कधी सापडायची नाही. आज विहिरीपाशी, पुढच्या महिन्यात माडाखाली झावळ्या विणताना. जिथे असेल तिथे मी तिला बोटाच्या पेराएवढी काढून मोकळी व्हायची.

पाऊस सरला की खळं खणून, चोपून, शेणाने सारवायचं काम तिचं. त्या वर्षी ती तापाने अंथरुणाला खिळली आणि खळ्यात गुडघाभर गवत तसंच राहिलं. तिने मला जवळ बोलावून बजावलं, "तेंका कायव कळवू नको. काम टाकून येतले."

सारवलेलं खळं खोटंच काढायला माझा हात धजेना, आणि खरं काढायला बंदी. मी मागच्या दारी बसले आणि केळी काढल्या. खाली लिहिलं, सर्व क्षेम.

दहाव्या दिवशी बाबा आगबोटीने उतरले. त्यांना दारात बघून आई अंथरुणातूनच माझ्यावर कडाडली. बाबांनी तिला थांबवलं.

"तिना कायव कळवूक नाय. बसाची जागा बदलल्यान, म्हणान इलंय."

मग त्यांनी पिशवीतून सगळी कार्डं काढली आणि तिच्या उशाशी ओळीने मांडली. आईला अक्षरओळख नव्हती. पण होड्यांचं तेवढं सोडून एकेका कार्डावर तिने स्वतःला शोधून बोट ठेवलं, आणि केळींच्या कार्डावर तिचं बोट थांबलं. मला वाटत होतं मी खळं काढतेय. बाबा मुंबईत बसून तिला बघत होते.

"माका भायर बशव," ती त्यांना म्हणाली. "ह्या म्हयन्याचां चित्र रवलां."

त्यांनी तिला उचलून खळ्यात नेलं आणि तुळशीला टेकवून बसवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हलली नाही, म्हणून मला तिचे डोळे नीट काढता आले. ते कार्ड पेटीत टाकलं नाही. ज्याला पाठवायचं तो माझ्या मागेच उभा होता.

मार्गशीर्षात आई गेली. दिवस उरकून बाबा मुंबईला परतले. कार्डं त्यांनी बरोबर नेली, पण पुढच्या महिन्याचं मागितलं नाही. मीही पाठवलं नाही. आज इतक्या वर्षांनीही वाटतं, त्या पायरीवर जाऊन बसावं, एकदाच, आणि ती कुठे आहे ते बघावं. पण तिथून ती आता दिसत नाही, हे कागदावर बघायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.